आधी दोंडाईचा, मग धुळे

दोंडाईच्यात रात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं की घरातल्या मोठ्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं: 'धुळ्याला न्या.' शेजारच्या पोराला उठवतात, गाडी काढतात, मागच्या सीटवर आजारी माणसाला आडवं करतात आणि चिमठाणे-सोनगीरच्या रस्त्याने साठेक किलोमीटर पळवतात. नेणाऱ्यांची माया खरी असते, धावपळ खरी असते. पण त्या साऱ्या वेळात हृदयाचा एक भाग रक्तावाचून मरत असतो आणि त्याला वाचवणारे पहिले उपचार ज्या गावात सुरू करता येतात, ते गाव मागे पडत असतं.

माझी मागणी एकच आहे. ईसीजी दोंडाईच्यात, ॲस्पिरिन दोंडाईच्यात, गुठळी विरघळवणारं इंजेक्शनही दोंडाईच्यात, आणि मगच धुळे. हे का हवं आणि का शक्य आहे, ते मुद्द्यांनी मांडतो.

१. आधी हृदयाचा झटका म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवर वर्षानुवर्षं चरबीचा थर साचतो. तो हळूहळू साचतो तोवर बहुतेकांना पत्ता लागत नाही. एक दिवस तो थर तडकतो. शरीर त्या तड्याला जखम समजतं आणि कुठल्याही जखमेवर धरते तशी तिथे रक्ताची गुठळी धरते. बोट कापल्यावर जी गुठळी आपल्याला वाचवते, तीच इथे वाट अडवते. हे सगळं काही मिनिटांत घडू शकतं. म्हणूनच 'काल तर शेतात चांगला फिरत होता' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकतो.

डॉक्टर याला ॲक्यूट कोरोनरी सिंड्रोम म्हणतात आणि त्याचे तीन प्रकार करतात. रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की ईसीजीच्या कागदावर एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसतो. हा सगळ्यात घाईचा प्रकार. वाहिनी अर्धवट बंद असली की ईसीजीत तसं दिसेलच असं नाही, पण स्नायूला इजा झाल्याने रक्तात ट्रोपोनिन वाढतं. तिसऱ्या प्रकारात ट्रोपोनिनही वाढत नाही, तरी दुखणं थोड्याशा श्रमाने किंवा बसल्याजागी पुन्हा पुन्हा येत राहतं. ती पुढच्या झटक्याची सूचना असते.

हा भेद कोरड्या माहितीचा नाही. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन फक्त पहिल्या प्रकारात द्यायचं असतं. बाकी दोन प्रकारांत ते देत नाहीत, कारण तिथे फायदा नाही आणि रक्तस्रावाचा धोका मात्र आहे. पहिला प्रकार आहे की नाही ते ईसीजीच सांगतो. रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. केसपेपर नंतर काढता येतो.

आणखी एक गोष्ट. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून माणसाला घरी पाठवायचं नसतं. दुखणं चालू असेल तर थोड्या थोड्या वेळाने तो परत काढायचा असतो, आणि ट्रोपोनिन वाढायलाही काही तास लागू शकतात. 'ईसीजी नॉर्मल आहे, घरी जा' असं सांगून पाठवलेला माणूस पहाटे गेल्याच्या गोष्टी खानदेशातल्या प्रत्येक गावात आहेत.

२. आपल्याकडे झटक्याचं पहिलं नाव 'गॅस' आहे.

मिरचीच्या बाजारपेठेचं हे गाव. ठेचा, शेवभाजी, भरीत-पुरी हे आपलं रोजचं आणि आवडीचं खाणं. त्यामुळे छातीत जळजळलं की दोष तिखटावर जातो. 'काही नही, गॅस शे' असं म्हणत माणूस सोडा पितो, ओवा चावतो, मेडिकलच्या काउंटरवर जाऊन गॅसची गोळी मागतो. काउंटरवरचा मुलगा पट्टीतून गोळी कापून देतो. तो मुलगा 'काका, घाम का एवढा आलाय?' असं विचारत नाही, कारण त्याला ते कुणी शिकवलेलं नाही.

झटक्याचं दुखणं बहुधा छातीच्या मधोमध येतं. ते टोचल्यासारखं क्वचितच असतं. दाबल्यासारखं, आवळल्यासारखं, कुणी छातीवर बसल्यासारखं वाटतं. ते डाव्या हातात, दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत किंवा बेंबीच्या वरच्या भागात जातं. सोबत थंड घाम फुटतो, मळमळतं, दम लागतो, जीव घाबरा होतो. पाचदहा मिनिटांहून जास्त वेळ हे टिकलं आणि घाम आला, तर ते गॅस नाही असंच धरून चालायचं. नंतर गॅसच निघाला तर आनंदच आहे. एका ईसीजीने कुणाचं काही बिघडत नाही.

बायकांच्या, साखरेचा आजार असलेल्यांच्या आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत जास्त सावध राहायला हवं. त्यांना छातीत दुखेलच असं नाही. नुसती धाप, नुसता घाम, एकाएकी आलेला थकवा, उलटी, एवढंच होऊ शकतं. मिरचीच्या पथारीवर दिवसभर देठ खुडणाऱ्या बाईचा विचार करा. तिला दम लागला तर ती मिरचीच्या खकाण्याला दोष देते, घाम आला तर उन्हाला, हात दुखला तर कामाला. तिन्हींना दोष द्यायला सबळ कारण आहे, म्हणून चौथं कारण कुणाच्या मनातच येत नाही. ती घरी येते, भाकरी टाकते आणि निजते. बाईचं दुखणं घरात शेवटी ऐकलं जातं हेही इथेच स्पष्ट लिहायला हवं. तिच्यासाठी रात्री गाडी काढायची की सकाळी बघायचं, हा निर्णय बहुतेक घरांत दुसरंच कुणीतरी घेतं.

वयाचाही गैरसमज आहे. 'चाळिशीतल्या माणसाला कुठला अटॅक?' असं आपण म्हणतो. इंटरहार्ट या बावन्न देशांतल्या अभ्यासात दिसलं की दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका जगातल्या इतरांपेक्षा पाचसहा वर्षं आधी येतो. तंबाखू-चुना, बिडी आणि मिश्री यांनी ते वय आणखी खाली येतं.

३. घड्याळ कुठे सुरू होतं?

दुखणं सुरू झालं त्या क्षणी, घरात. धुळ्याच्या दवाखान्याच्या दारात नव्हे.

इटलीतल्या डॉक्टरांनी १९८६ साली जवळपास बारा हजार रुग्णांवरचा जिस्सी हा अभ्यास प्रसिद्ध केला. स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासात मिळालेल्यांमधले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. जसजसा उशीर झाला तसतसा फायदा आटत गेला. दोन वर्षांनी, १९८८ मध्ये, १७,१८७ रुग्णांचा आयसिस-२ हा अभ्यास आला. ॲस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही न मिळालेल्यांपैकी पाच आठवड्यांत शंभरात तेरा जण दगावले होते. दोन्ही मिळालेल्यांत आठ. यातलं ॲस्पिरिन ही काही पैशांना मिळणारी गोळी आहे.

आता आपल्याकडे बघू. २००१ ते २००५ या काळात भारतातल्या पन्नास शहरांमधल्या वीस हजारांवर रुग्णांची नोंद 'क्रिएट' या अभ्यासाने केली. पूर्ण बंद वाहिनीच्या झटक्यात दुखणं सुरू झाल्यापासून दवाखान्यात पोचेपर्यंतचा मध्यम वेळ निघाला ३०० मिनिटं, म्हणजे पाच तास. हे शहरांतल्या दवाखान्यांचे आकडे आहेत. मालपूरचा किंवा विखरणचा शेतकरी आधी घरी वाट बघणार, मग दोंडाईच्याला येणार, इथे कुणीतरी हात लावून 'पुढे न्या' म्हणणार, मग धुळे, तिथे दाखल होणं, मग तपासणी. पहिला तास तर दोंडाईच्याच्या वेशीतच संपतो.

४. इंजेक्शन दोंडाईच्यात देता येतं का? येतं.

स्ट्रेप्टोकायनेजची पावडर बाटलीत येते. पंधरा लाख युनिट सलाईनमध्ये मिसळून सुमारे तासाभरात शिरेतून सोडायचे. टेनेक्टेप्लेज हे नवं औषध आणखी सोपं आहे. रुग्णाच्या वजनाप्रमाणे मात्रा ठरवून काही सेकंदांत एकच सुई. दोन्ही औषधं भारत सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहेत. यासाठी अँजिओप्लास्टीची कॅथलॅब लागत नाही, ऑपरेशन थिएटर लागत नाही. लागतो ईसीजी, मॉनिटर, डिफिब्रिलेटर, प्रशिक्षित एमबीबीएस डॉक्टर आणि फोनवर सल्ला देणारा हृदयरोगतज्ज्ञ. दोंडाईच्याच्या उपजिल्हा रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरचं यात काहीच नाही.

ते सगळ्यांना देता येत नाही. पूर्वी कधी मेंदूत रक्तस्राव झालेला, अलीकडेच पक्षाघात झालेला, नुकतंच मोठं ऑपरेशन झालेला, शरीरात कुठे रक्तस्राव चालू असलेला, रक्तदाब फार चढलेला रुग्ण असेल तर थांबावं लागतं. त्यासाठी एका पानाची यादी असते. डॉक्टरने प्रश्न विचारत खुणा करायच्या. सगळी काळजी घेऊनही शंभरातल्या साधारण एकाला किंवा त्याहून कमी लोकांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. हे नातेवाइकांना आधी सांगितलं पाहिजे, आणि न दिल्यास काय होऊ शकतं तेही त्याच वेळी.

'अँजिओप्लास्टी त्याहून चांगली ना?' हो, चांगली आहे, वेळेत होणार असेल तर. निदान झाल्यापासून दोन तासांत वाहिनी उघडता येणार असेल तर थेट अँजिओप्लास्टीला न्यावं, असं शास्त्र सांगतं. हे दोन तास रात्री दोन वाजता दोंडाईच्याहून मोजून बघा. गाडी मिळवायची, साठ किलोमीटर जायचं, दाखल व्हायचं, डॉक्टर आणि त्यांची माणसं घरून यायची, पैशांची नाहीतर योजनेच्या कागदांची जुळवाजुळव व्हायची. जमलं तर उत्तम. जमणार नाही हे दिसत असेल तर इंजेक्शन इथेच द्यायचं आणि मग लगेच निघायचं. इंजेक्शन दिलं की काम संपलं असंही नाही. वाहिनी उघडली नसेल तर तातडीने, आणि उघडली असेल तरी पुढच्या तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी व्हावी लागते. म्हणजे धुळे हवंच आहे. फक्त तिथे जाणारा माणूस उपचार सुरू झालेला असावा. सुरतेला किंवा नाशिकला नेण्याचा हट्ट धरणाऱ्यांनी तर हे दुप्पट लक्षात ठेवावं. ते चार-पाच तासांचं अंतर आहे.

५. हे इतरांनी करून दाखवलं आहे.

तामिळनाडूत छोटी रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांना जोडली गेली. छोट्या ठिकाणी ईसीजी आणि इंजेक्शन, नंतर मोठ्या ठिकाणी अँजिओग्राफी. २,४२० रुग्णांच्या त्या कामाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले होते. आपल्या शेजारी गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला मध्यभागी ठेवून अशीच साखळी उभी राहिली. गावातल्या सरकारी दवाखान्यात काढलेला ईसीजी तज्ज्ञांपर्यंत पोचतो आणि महागडं इंजेक्शन रुग्णाला तिथेच फुकट मिळतं. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये काही जिल्ह्यांत 'स्टेमी महाराष्ट्र' हा प्रकल्प सुरू केला (स्टेमी म्हणजे पूर्ण बंद वाहिनीचा झटका). म्हणजे ही कल्पना मंत्रालयाला नवी नाही. राज्याच्या या टोकाला, तापीकाठच्या तालुक्यांना, तिची गरज मुंबई-पुण्यापेक्षा जास्त आहे, कारण त्या शहरांत कॅथलॅब दहा मिनिटांवर आहे.

६. डॉक्टरच्या भीतीबद्दल बोलायलाच हवं.

छोट्या गावातला डॉक्टर 'पुढे न्या' का म्हणतो? ज्ञान नसतं म्हणून क्वचितच. रात्री तो एकटा असतो, बाहेर तीसचाळीस माणसं जमलेली असतात आणि इंजेक्शन चालू असताना रुग्ण दगावला तर 'सुई दिली आणि मेला' असाच बोभाटा होणार हे त्याला ठाऊक असतं. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एका निवासी डॉक्टरला जमावाने इतकं मारलं की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले होते. आपल्याच जिल्ह्यातली ही घटना आहे. ती प्रत्येक तरुण डॉक्टरच्या मनात आहे, आणि तिची किंमत पुढच्या कितीतरी रुग्णांनी मोजली असेल.

डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. पण कायद्याआधी गावाने शब्द द्यायला हवा. प्रत्येक समाजातले पंच, नगरसेवक, मंडळांचे कार्यकर्ते यांनी उघडपणे सांगावं की नियमाप्रमाणे उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या अंगाला हात लागणार नाही. त्या रात्री दवाखान्याच्या आवारात रुग्णाचे दोघे जण थांबावेत, बाकीच्यांनी घरी जावं. आपण डॉक्टरला अभय दिलं तर तो आपल्याला सुई देईल. हा मुद्दा माझ्या लेखी इंजेक्शनाच्या साठ्याइतकाच महत्त्वाचा आहे.

७. गाडी कुठली?

झटक्यानंतर पहिल्या काही तासांत हृदयाची लय एकाएकी बिघडून माणूस कोसळू शकतो. त्या क्षणी डिफिब्रिलेटरचा एक शॉक त्याला परत आणू शकतो. मागच्या सीटवर आडव्या केलेल्या माणसाला तो कुणी द्यायचा? महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि तिच्यात डॉक्टर असतो. प्रगत सुविधांच्या गाडीत मॉनिटर आणि डिफिब्रिलेटर असतात. दोंडाईच्याच्या वाट्याला तशी गाडी कायमची उभी हवी. वरून लाल दिवा आणि आत नुसतं स्ट्रेचर असलेली व्हॅन ही रुग्णवाहिका नव्हे.

८. पैशांचा प्रश्न आता तितका राहिलेला नाही.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत धुळे होतं. आता तीच महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आहे आणि अँजिओप्लास्टी तिच्यात बसते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवा, म्हणजे रात्री कपाटं उचकावी लागणार नाहीत.

९. घरात काय करायचं?

माणसाला बसवा, चालवू नका, जिना चढू देऊ नका, त्याला स्वतः मोटारसायकल चालवत तर मुळीच पाठवू नका. १०८ ला फोन करा. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल आणि रक्तस्राव, रक्ताची उलटी किंवा काळी शी असं काही नसेल, तर ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला द्या. घरात ७५ ची गोळी असेल तर चार. गिळायची नाही, चावायची. पॅरासिटामॉल किंवा अंगदुखीची दुसरी गोळी हे ॲस्पिरिन नव्हे. शंका असेल तर १०८ च्या डॉक्टरला फोनवरच विचारा. जिभेखालची सॉरबिट्रेट शेजाऱ्याच्या खिशातून घेऊन देऊ नका. रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घात करते. दुखणं किती वाजता सुरू झालं ते कागदावर लिहा. डॉक्टरचा पहिला प्रश्न तोच असतो आणि घाबरलेल्या घरात त्याचं उत्तर दरवेळी वेगळं येतं.

आणि पहिली गाडी उपजिल्हा रुग्णालयाकडे वळवा, सोनगीरच्या रस्त्याकडे नको.

१०. मग आता कुणी काय करायचं?

नगरपरिषदेने शहरातल्या सगळ्या मेडिकल दुकानदारांची एक बैठक घ्यावी आणि गॅसची गोळी देण्याआधी विचारायचे तीन प्रश्न त्यांना शिकवावेत: घाम आला का, दम लागतोय का, दुखणं हातात किंवा जबड्यात जातंय का. बाजार समितीने हंगामात यार्डात आणि पथारींवर हमालांची, देठ खुडणाऱ्या बायकांची रक्तदाब व साखरेची तपासणी ठेवावी. शहरातल्या खासगी डॉक्टरांनी आपापसांत ठरवावं की छातीत दुखणारा रुग्ण ईसीजी काढल्याशिवाय आणि ॲस्पिरिन दिल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही, आणि पाठवताना ईसीजीचा फोटो पुढच्या डॉक्टरकडे आधी पोचवायचा.

उपजिल्हा रुग्णालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत पाच उत्तरं रंगवलेली असावीत, ही मागणी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आणि पालकमंत्र्यांकडे करायची आहे. ईसीजी रात्री कोण काढतं? तो बघणारा तज्ज्ञ कुठल्या नंबरवर मिळतो? गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या किती मात्रा आज शिल्लक आहेत? डिफिब्रिलेटर शेवटचा कधी तपासला? पुढे न्यायची गाडी कुठे उभी आहे?

तोंडी उत्तरांवर समाधान मानू नका. हे पाचही प्रश्न माहितीच्या अधिकाराच्या अर्जात घाला. अर्जाला दहा रुपये लागतात आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.